फितीची दुसरी बाजू

माझ्या टेबलाच्या खणात टीडीकेची एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. तिच्यावर चिकटवलेला कागद केव्हाच सुटून गेला; त्या जागी डिंकाचा पिवळट पट्टा राहिलाय. मामानं बॉलपेन दाबून दाबून प्लॅस्टिकवरच एका बाजूला ‘भाचा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आई’ असं लिहिलं होतं, ते अजून वाचता येतं. भाच्याच्या बाजूला एक इंग्रजी अल्बम आहे, पॉल मॅकार्टनीच्या विंग्ज या बँडचा ‘बँड ऑन द रन’. आईच्या बाजूला माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते.

मामा सोलापूरच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. १९७८ साली तो नायजेरियाला गेला. त्या दिवसांत आपल्याकडचे कितीतरी स्पिनिंग मास्तर, फिटर, शाळामास्तर तिकडं जात. तेलाचा पैसा आला होता, गिरण्या चालू होत्या, शाळा निघत होत्या आणि ते सगळं चालवायला माणसं हवी होती. लागोसला लागून असलेल्या इकेजात मामाला क्वार्टर मिळालं. त्याची पत्रं येत, पण आजीला वाचता येत नसे, आणि दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं पत्र तिला परक्याचं वाटे. ‘ह्यात त्याचा आवाज कुठं हाय?’ असं ती विचारी. मग मामानं एका सुट्टीवर येणाऱ्या माणसाबरोबर टेपरेकॉर्डर पाठवला आणि कॅसेटींचा व्यवहार सुरू झाला. तो तिकडून बोलून पाठवी, आम्ही इकडून.

एकदा आलेल्या कॅसेटीत एका बाजूला त्याचं बोलणं नव्हतंच. कुणाच्या तरी रेकॉर्डवरून उतरवून घेतलेली ती गाणी होती आणि सुरुवातीला मामाचा आवाज: ‘हे तुझ्यासाठी. ज्या गावात मी राहतो ना, तिथं येऊन हे लोक गायलेत. दुसरी बाजू कोरी आहे. त्यावर आजीच्या ओव्या भर आणि परत पाठव.’ नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. तो अल्बम एक्केचाळीस मिनिटांचा. उरलेल्या चार मिनिटांत मामाच्या खोलीतला पंखा ऐकू येई.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आजीची बाजू भरली की माझी बाजूही लागोसला जाणार, हे मला कळत होतं. म्हणून मी घाई करून ऐकत होतो आणि आजीनं सावकाश गावं अशी मनात प्रार्थना करत होतो. इंग्रजी फारसं कळत नव्हतं. पहिलं गाणं मधेच थांबतं, वेगळंच होतं, मग पुन्हा वेगळं होतं, एवढं कळे. आधी कोंडल्यासारखं, कण्हल्यासारखं संथ. मग एकदम घाईला आलेलं, दाराशी धडका दिल्यासारखं. आणि मग अचानक साध्या गिटारच्या झणझणाटाबरोबर मोकळं आकाश. त्या तिसऱ्या वळणाशी माझ्या पोटात दर वेळी काहीतरी हलायचं. ते वळण मला एवढं पाठ झालं, की शाळेच्या वाटेवर मी ते तोंडानं वाजवत जायचो.

इकडं आजीचं गाडं अडलं होतं. ‘ह्या यंत्राकडं बघून मला काय सुचत न्हाई,’ म्हणाली. दोन दिवस ती टेपसमोर बसून राहिली आणि एक ओवी पुरती म्हणता येईना. तिसऱ्या दिवशी आईनं माळवदाच्या जिन्याखालचं जातं ओढून काढलं, पुसलं, खुंटा ठोकून बसवला. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, जात्यावर वर्षभरात फार तर डाळ भरडली जायची. आईनं पसाभर ज्वारी घातली. आजीनं खुंटा धरला, जातं फिरलं आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी. मग माहेर, भाऊ, पंढरीची वाट, मेलेली जाऊ, सगळं येऊ लागलं. हात थांबला की ओवी थांबे. तिची आठवण डोक्यात नव्हती, खांद्यात होती.

ती कॅसेट आम्ही पार्सलनं पाठवली. ती पोचली नाही. वाटेत कुठं राहिली, देव जाणे.

मला त्या वेळी जे वाईट वाटलं ते गाण्यांचं. आजीला विचारलं, तुझ्या एवढ्या ओव्या गेल्या गं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, ‘गेली तर गेली. माझ्या तोंडात हाईत की.’

---

त्या अल्बमची गोष्ट मला कळली ती खूप पुढं, नोकरीला लागल्यावर, पुण्यात जुनी इंग्रजी मासिकं चाळताना. वाचत गेलो तसं आजीचं ते वाक्य मला पानापानावर भेटत गेलं.

१९७३ सालचा उन्हाळा. बीटल्स हा पॉलचा आधीचा बँड मोडून तीन वर्षं झाली होती. पॉल मॅकार्टनी एकतीस वर्षांचा होता. बायको लिंडा हिला हाताशी धरून त्यानं १९७१ मध्ये विंग्ज हा बँड काढला होता. लिंडा मूळची छायाचित्रकार. पॉलनंच तिला कीबोर्डवर बोटं ठेवायला शिकवलं. समीक्षकांनी या बँडचे सुरुवातीचे अल्बम फार लागट शब्दांत उडवून लावले होते. इंग्लंडमधल्या त्याच त्या स्टुडिओंचा पॉलला कंटाळा आला होता. त्यानं ईएमआय कंपनीकडं जगभरातल्या तिच्या स्टुडिओंची यादी मागवली आणि त्या यादीतलं लागोस निवडलं. दिवसा समुद्रकिनारी पडायचं, रात्री गाणी करायची, असं काहीसं चित्र त्याच्या मनात होतं.

निघण्याच्या तोंडावर बँड फुटला. गिटार वाजवणारा हेन्री मॅकलॉ भांडून आधीच बाहेर पडला होता. ड्रमर डेनी सायवेलनं तर आदल्या रात्री फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. स्कॉटलंडमधल्या शेतावर या गाण्यांचा सराव पाच जणांनी केला होता. ऑगस्टमध्ये विमानात बसले ते तिघंच: पॉल, लिंडा आणि गिटारवाला डेनी लेन. सोबत ध्वनिमुद्रक जेफ एमरिक. पॉलनं ठरवलं, ड्रम आपणच वाजवायचे.

नायजेरियात लष्कराचं राज्य होतं. बियाफ्राचं यादवी युद्ध संपून चार वर्षंही झाली नव्हती. लागोसच्या अपापा या बंदराच्या भागात वार्फ रोडवर ईएमआयचा स्टुडिओ होता. आठ ट्रॅकचं एक यंत्र. लंडनमध्ये तोवर सोळा ट्रॅक सर्रास झाले होते. गाणाऱ्याला वेगळं उभं राहायला जी बंदिस्त खोली लागते ती नव्हती, ती उभारून घ्यावी लागली. मायक्रोफोन कपाटात खोक्यात पडलेले. पावसाचे दिवस होते, आणि अंगावर येणारा दमट उकाडा.

आठ ट्रॅक म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण या अल्बमचा कणा तिथं आहे. चुंबकीय फितीच्या रुंदीवर शेजारी शेजारी आठ पट्टे. एका पट्ट्यावर ड्रम, एकावर गिटार, एकावर कीबोर्ड. पहिल्यांदा पॉल ड्रमवर बसे, डेनी गिटार धरी, लिंडा कीबोर्डवर. ते झालं की ते ऐकत ऐकत पॉल दुसऱ्या पट्ट्यावर बेस वाजवी. मग आणखी गिटार, मग आवाज, मग तिघांचे मिळून मागचे सूर. पट्टे भरत आले की दोन-तीन पट्ट्यांवरचं एकावर उतरवून जागा करायची. आणि एकदा उतरवलं की उतरवलं; त्यातला एखादा सूर नंतर वेगळा काढता येत नाही. जेफ एमरिकला ही कला हातची होती. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ त्यानं चारच ट्रॅकांच्या यंत्रावर मुद्रित केला होता. म्हणजे एका परीनं हे लोक दूर आफ्रिकेत येऊन आपल्याच जुन्या घरात शिरले होते.

ड्रम वाजवणारा माणूस मुळात बेस वाजवणारा असेल तर काय होतं, ते या गाण्यांत ऐकू येतं. ड्रममध्ये कसरत नाही. हात साधा, थोडा जड, पण गाणं पुढं कुठं वळणार आहे हे त्या हाताला आधीच ठाऊक आहे. ढोलकीवाला स्वतःच शाहीर असावा तसं. ‘मामुनिया’ नावाचं गाणं तिथं पहिल्यांदा मुद्रित झालं. मोरोक्कोतल्या माराकेश शहरातल्या एका हॉटेलवरून पॉलला ते नाव सुचलं होतं, आणि पावसाबद्दल कुरकुर करू नका अशा आशयाचं ते गाणं बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असताना गायलं गेलं. मामा सांगायचा, ‘लागोसात पाऊस लागला की माणसं बोलायची थांबतात. बोललेलं ऐकूच येत नाही.’ ते गाणं ऐकताना मी त्यामागं तो पाऊस शोधतो. फितीवर तो आलेला नाही, पण गाणाऱ्यांनी आवाज जरा वर उचललाय असं मला आपलं वाटतं.

---

आणि मग ती रात्र. रात्री पायी फिरू नका, असं त्यांना बजावलेलं होतं. पॉल आणि लिंडा तरीही डेनीच्या घरून आपल्या घरी चालत निघाले. एक गाडी जवळ येऊन थांबली. पॉलला वाटलं, सोडायला विचारतायत. त्यानं आभार मानून नको म्हटलं. गाडी पुढं गेली, पुन्हा थांबली आणि आतून माणसं उतरली. सुरा दिसला. लिंडा ओरडत होती, मारू नका, हा गाणारा माणूस आहे. त्यांनी पैसे घेतले, कॅमेरे घेतले, आणि पिशवी घेतली. त्या पिशवीत गाण्यांची वही होती आणि घरी करून आणलेल्या कच्च्या मुद्रणाच्या कॅसेटी.

त्या वेळच्या लागोसात सशस्त्र दरोड्याला देहदंड होता. बार बीचच्या वाळूत खांबाला बांधून, लोकांच्या समोर गोळ्या घालत. पकडले गेलो तर मरण नक्की, हे ठाऊक असलेले ते हात होते. युद्धानं हत्यारं मागं ठेवली होती आणि गरिबी होतीच. त्यांना त्या कॅसेटींचं काय. कुठल्यातरी खोलीत त्या पुसून त्यांच्यावर कुणी नाचाची गाणी भरली असतील. जगात आज ज्या फितींसाठी लोक घरं विकतील, त्या तिथं कोऱ्या फिती म्हणून कामी आल्या असतील, आणि त्यावरही कुणी आनंदानं नाचलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून पॉलनं गाणी आठवून केली. मला या गोष्टीत इथंच येऊन थांबावंसं वाटतं. आठवून करणं म्हणजे जसंच्या तसं परत मिळवणं नव्हे. जे आठवतं तेवढंच उरतं. एखादी नक्षीची जागा, एखादं जास्तीचं कडवं, सरावाच्या वेळी कुणीतरी घेतलेली तान, ती गळून जाते. घट्ट बसलेलं असतं ते राहतं. विंग्जच्या आधीच्या अल्बमांत सैलपणा होता, सुचलं ते राहू दे अशी वृत्ती होती. या अल्बमात ती नाही. त्याला चोरांनी हात लावला म्हणून तो बरा झाला असं मी म्हणणार नाही; सुऱ्याच्या धारेला कुणी श्रेय देऊ नये. पण जे गेलं त्याच्यानंतर तो माणूस आपल्या गळ्यापाशी परत आला आणि गळ्यात होतं त्यावर त्यानं विसंबायचं ठरवलं, एवढं मला त्या गाण्यांत स्पष्ट ऐकू येतं.

१९८० साली मामा सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं तीच गाणी दुसऱ्या कॅसेटीवर उतरवून आणली होती. तीच ही खणातली. पुन्हा जातं निघालं, पुन्हा ज्वारी पडली. आजीनं पुन्हा ओव्या म्हटल्या. पहिल्या वेळी मी शेजारी बसून होतो, म्हणून मला फरक कळला. क्रम तोच नव्हता. जावेच्या ओव्या या वेळी कमी होत्या आणि परदेशी गेलेल्या लेकाच्या तीन नव्या आल्या होत्या. मी म्हटलं, आजी, मागच्या वेळी ह्या नव्हत्या. तर म्हणाली, ‘मागच्या येळी त्यो समोर कुठं बसला हुता?’ मामा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं तोंड वळवलं.

---

लागोसात पॉलवर एक आळही आला, आणि त्याबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही, कारण आळ घेणारा माणूस फार मोठा होता. फेला कुटी. आफ्रोबीट हे संगीत उभं करणारा, सॅक्सोफोन आणि शब्द दोन्ही हत्यारासारखे चालवणारा. पॉल त्याच्या श्राइन या क्लबात त्याचा बँड ऐकायला गेला आणि ऐकता ऐकता रडला, असं त्यानं स्वतः सांगितलंय. फेलाला मात्र संशय होता: हे गोरे लोक आमचं संगीत उचलून न्यायला आलेत. त्यानं ते जाहीर बोलून दाखवलं. मग तो स्टुडिओत आला. पॉलनं त्याला गाणी ऐकवली. फेलानं ऐकलं, त्यात लागोसचं काही नव्हतं. तंटा मिटला.

मामा इकेजात पोचला तेव्हा लोक फेलाबद्दल हळू आवाजात बोलत. १९७७ मध्ये सैनिकांनी त्याच्या वस्तीवर हल्ला केला होता, घर जाळलं होतं, त्याच्या वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकलं होतं. पुढच्या वर्षी ती गेली. ती फुनमिलायो रॅन्सम-कुटी, बायकांच्या हक्कांसाठी इंग्रजांच्या राज्यात लढलेली बाई. ज्या देशाची माती, तेल, माणसं बाहेरच्यांनी नेली, त्या देशातल्या गाणाऱ्यानं ‘आता गाणीही नेणार का?’ असं विचारलं, तर ते विचारणं रास्तच होतं.

म्हणून मला या अल्बमातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा अडवते. लागोसला जाऊन केलेल्या या अल्बमात लागोस नाही. तिथल्या वादकांचा एक सूर नाही. ‘ब्लूबर्ड’ गाण्यात लागोसचा रेमी कबाका तालवाद्य वाजवतो, पण त्याचं मुद्रण नंतर लंडनमध्ये झालं. जिंजर बेकर या इंग्रज ड्रमरचा इकेजात एआरसी नावाचा स्टुडिओ होता. पिकासोच्या मृत्यूवरचं गाणं तिथं झालं आणि त्यात डब्यांत खडे घालून खुळखुळ्यासारखे वाजवले. तेवढेच काय ते लागोसच्या भूमीचे खडे त्यात आले.

दुसऱ्या मुलखात जाऊन गाणी करण्याच्या दोन तऱ्हा आहेत, असं मला वाटतं. दुसरी तऱ्हा आपल्या मुंबईनं पाहिलीय. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला, ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम करायला. संतूर शिवकुमार शर्मांचं, सरोद आशीष खाँचं, बासरी एस. आर. केंकरे यांची. स्टुडिओ असा, की खालच्या रस्त्यावरच्या गाड्या आत ऐकू येत. दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्रही मुंबईत नव्हतं; कंपनीचे भास्कर मेनन ते कलकत्त्याहून आगगाडीनं घेऊन आले. हॅरिसन मागायला आला होता. या गावाकडं, या वादकांकडं काय आहे ते त्याला हवं होतं, आणि त्यानं ते मोकळेपणानं, वादकांची नावं छापून घेतलं.

पॉलचं जाणं वेगळं. तो काही मागायला गेला नव्हता. तो दूर गेला होता. लागोसनं त्याला आपलं संगीत दिलं नाही, त्यानं घेतलंही नाही. लागोसनं त्याच्या भोवतीचं एकेक काढून घेतलं: दोन वादक निघण्यापूर्वीच गेले, सोळा ट्रॅक गेले, वही गेली, कॅसेटी गेल्या. एके दिवशी तर श्वास गेला. स्टुडिओत तो गुदमरून कोसळला आणि लिंडाला वाटलं, हा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, सिगारेटींनी श्वासनळ्या आकसल्यात. इतकं सगळं गेल्यावर जो उरला, तो गाणारा माणूस त्या फितीवर आहे.

आजी लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी होती. बाकी सगळं गळ्यात. सासरी येणारी प्रत्येक बाई अशीच परमुलखात येत होती, आणि तिथल्या अनोळखी जात्यावर तिनं आपल्या आईची ओवी आठवून म्हटली, जरा बदलून म्हटली. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातली कुठलीही ओवी कुणी कागदावर घेऊन सासरी गेलं नव्हतं.

---

सप्टेंबरच्या अखेरीस ते तिघं लंडनला परतले. घरी ईएमआयचं एक पत्र येऊन पडलेलं होतं, ते निघण्यापूर्वी लिहिलेलं: लागोसात कॉलऱ्याची साथ आहे, जाऊ नये. एअर स्टुडिओत उरलेलं काम झालं. टोनी व्हिस्कॉन्टीनं जेमतेम काही दिवसांत वाद्यवृंदाची रचना लिहिली, हॉवी केसीनं सॅक्सोफोन वाजवला. ऑक्टोबरच्या शेवटी लंडनच्या ऑस्टर्ली पार्कात भिंतीशी, सर्चलाइटच्या झोतात, तुरुंगातून पळताना सापडलेल्या कैद्यांचं छायाचित्र क्लाइव्ह ॲरोस्मिथनं काढलं. तिघं बँडवाले आणि सहा नामवंत, त्यांत अभिनेते जेम्स कोबर्न आणि ख्रिस्तोफर ली, मुष्टियोद्धा जॉन कॉन्टे.

डिसेंबर १९७३ मध्ये अल्बम आला आणि पहिले काही आठवडे जरा मंदच चालला. गाजायला त्याला वेळ लागला. पॉलला त्यातली गाणी सुटी काढायची नव्हती. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीच्या अल कूरी या प्रसिद्धीच्या माणसानं गळ घालून त्याला ‘जेट’ सुटं काढायला लावलं. मग शीर्षकगीत निघालं. एप्रिल १९७४ मध्ये अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, असं तीनदा. ब्रिटनमध्ये जुलैत पहिल्या क्रमांकावर पोचला आणि सात आठवडे तिथं राहिला; त्या वर्षी तिथं सर्वांत जास्त खपलेला स्टुडिओ अल्बम तोच. दोन ग्रॅमी मिळाल्या, त्यातली एक जेफ एमरिकच्या ध्वनिमुद्रणाला. ज्या समीक्षकांनी लिंडाला आणि या बँडला हसण्यावारी नेलं होतं, त्यांनी या वेळी पॉलचं बीटल्सनंतरचं सर्वांत चांगलं काम म्हणून त्याची थोरवी गायली. आणि कॅपिटॉलचे प्रमुख त्या वेळी कोण? भास्कर मेनन. सहा वर्षांपूर्वी कलकत्त्याहून मुंबईला आगगाडीनं यंत्र आणणारे. मूळचे तिरुवनंतपुरमचे हे गृहस्थ १९७१ पासून तिकडं होते. त्यांचं नाव वाचलं तेव्हा मला एखादा गाववाला परमुलखात भेटल्यासारखं झालं.

मामा १९८४ मध्ये कायमचा परत आला. तेलाचा भाव पडला, तिकडून पैसे पाठवणं अवघड झालं, पुष्कळ लोक परतले. त्याच्या बॅगेत ही कॅसेट होती. चार वर्षं ती त्यानं रोज लावली होती. ‘भाच्याची बाजू सकाळी, आईची झोपताना,’ म्हणाला. आजी त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या अल्बमाला पन्नास वर्षं झाल्याबद्दल एक नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एमरिकनं ऑक्टोबर १९७३ मध्ये करून ठेवलेली मिश्रणं आहेत, वाद्यवृंद चढवण्याआधीची. म्हणजे लागोसात काय झालं होतं ते, लंडनचं शेलापागोटं उतरवून. मी ती दिवा मालवून ऐकली. शीर्षकगीतातल्या त्या तिसऱ्या वळणाशी आता व्हायोलिनांचा लोट येत नाही. मोकळी गिटार येते, जड हाताचा साधा ड्रम येतो आणि तीन माणसांचे आवाज एकमेकांना धरून उभे राहतात. मी बारा वर्षांचा असताना पोटात जे हलायचं, ते याच जागी होतं. वाद्यवृंद नसतानाही ते हललं.

त्यानंतर खणातली कॅसेट काढली. माझा जुना टेपरेकॉर्डर आता थकलाय. त्याचं हेड जागचं थोडं सरकलंय. हेड सरकलं की ते आपल्या पट्ट्याबरोबर शेजारच्या पट्ट्याची कडही वाचू लागतं, आणि शेजारचा पट्टा दुसऱ्या बाजूचा असतो, म्हणून तो उलटा वाजतो. कॅसेटवाल्यांना हा दोष माहीत आहे. पेचकसाचा एक आटा फिरवला की जातो. मी तो फिरवलेला नाही.

भाच्याची बाजू लावली. पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी दोन-तीन सेकंदांची जी शांतता आहे, तिच्यात फार दुरून जात्याची घरघर आली. जातं उलट फिरत होतं. त्यावर आजीचा आवाज, शेवटाकडून सुरुवातीकडं निघालेला, एकही शब्द न कळणारा, पण हेल तिचाच. मग ‘जेट’चा ठोका पडला आणि ती त्याच्याखाली गेली. ती तिथंच होती. मी आवाज थोडा वाढवला आणि पुढच्या शांततेची वाट पाहत बसलो.